निषिद्ध विद्या येणारी फरारी मुलगी सिंधुदुर्गातून मित्राला कशी सोडवेल?

झेरॉक्सवाली, मालवण

कुमारांसाठी एक दीर्घकथा लिहितेय, दिवाळी अंकाला द्यायची आहे, आणि ऐन सुटकेच्या प्रसंगात घोडं पेंड खातंय. जाणकारांनी हात द्यावा.

काळ 1765 च्या थोडा आधीचा, म्हणजे इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' नाव ठोकलं त्याच्या अलीकडचा. किल्ला अजून करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे. भागी सोळा-सतराची. आजीकडून तिला एक विद्या आलीय, जी गावात कुणी वापरायची नाही. तिने वापरली. गावाने वाळीत टाकलं, वरून दिवाणातून पकडायचा हुकूम निघाला, बाई रानात. तातू तिचा लहानपणापासूनचा सवंगडी. तिला भाकरी पोचवायला जाताना सापडला आणि गडावर कैदेत पडला. भागी त्याला सोडवायला निघते. एवढं ठरलंय. खलनायक म्हणून गावचा घाडी, म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालणारा, आहे.

पहिल्या खर्ड्यात भागीला वेताळ वश होता. माझी भाची सातवीत आहे, तिला वाचून दाखवलं तर म्हणते, "मग वेताळाला सांगून तातूला घरीच का नाही आणून टाकत?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेताळाला रजा दिली.

तर मला हवीय एक लहानशी विद्या, जिला बंदी घालायला गावाकडे खरोखरचं कारण असेल. 'काळी विद्या वाईट असते' हे कारण मला पुरत नाही. दुसरं, रात्र कोणती घ्यावी? अंधारही हवा आणि पाणीही सोयीचं हवं. तिसरं, तातू गडात नेमका कुठे असेल? दुकानाच्या पायरीवरून मला रोज किल्ला दिसतो, पण आमच्या घरात कुणी दर्यात गेलेलं नाही. आमचं आणि माशाचं नातं ताटातलं.

लिंबू, टाचण्या, काळी बाहुली सुचवू नका. ते सगळं टीव्हीवाल्यांनी वापरून चोथा केलंय.


पायपेटी, कुडाळ

बाय, वेताळाक रजा दिलंस ता बरा केलंस. दशावतारात आमचो एक नियम असा: वर मिळालो की मागसून शाप येतलोच, आणि शाप इलो की तेका उःशाप व्हयोच. संकासुर वेद घेऊन पळता, विष्णू तेका मारता, पण पोरांक आवडता कोण? संकासुरच. काळो बुरखो, लाल जीभ, आणि मालवणीत भटजीची टर उडयता.

पुढचं प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर पुण्याकडचे लोक अर्थ विचारत बसतील. आमच्याकडे संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि बोलणं रंगमंचावर उभं राहूनच सुचतं. मी पेटीवर बसून बघतो ना, ज्याच्या हातात अस्त्र आहे त्याला बोलायला काही सुचत नाही. ज्याचं अस्त्र एका अटीवर अडलंय तो तासभर खेचतो. आता ट्रिकसीन आले. धूर सोडला, राक्षस वर उडाला, की टाळी पडते. पण पहाटे तीनला माणूस खुर्चीवर जागा राहतो तो बोलाचालीवर. तेव्हा आधी उःशाप लिही, विद्या मागाहून.


सातबारा

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा माहीत आहे ना ताई? उगाच अडचणीत याल.


झेरॉक्सवाली

दादा, तो कायदा नरबळी आणि अघोरी प्रकार करून खऱ्या माणसांना छळणाऱ्या, फसवणाऱ्यांसाठी आहे. भागी कागदावर आहे. आणि मी त्या कायद्याच्या बाजूची आहे, म्हणून तर लिंबू नको म्हटलं.


रापणकार, देवबाग

तुमची विद्या आमच्या पाण्यातच आहे, रानात कशाला शोधता.

थंडीच्या दिवसांत काळोखी रात्र असली की कधीकधी समुद्र पेटतो. वल्हं मारलं की निळा-हिरवा उजेड उठतो, लाट फुटली की तिची कड उजळते, पाण्यात हात घातला तर बोटं चमकतात. नॉक्टिल्युका नावाचा बारीक जीव असतो, पाणी ढवळलं की तो चमकतो. पर्यटक त्याचे फोटो काढतात. जुनी माणसं त्यावर मासळी ओळखायची. खाली बांगड्याची झुंड हलली की वर उजेडाचा पट्टा हलतो. तो कुठे सरकतोय ते बघून होडी फिरवायची आणि जाळं सोडायचं. नंतर दोन्हीकडून दोर धरून सगळा गाव ओढायला. हीच रापण, एकट्या माणसाचा धंदाच नाही. वाटाही सगळ्यांचा.

समजा भागीला हा उजेड विझवता येतो. बाकी काही येत नाही. आणि एकदा विझवला की त्या हंगामात तो परत पेटत नाही. आता सांगा, गाव तिला सुखाने राहू देईल? मासळी खाली आहे पण दिसत नाही, जाळं कुठे टाकायचं कळत नाही, चार महिने चूल अर्धी. बंदीला यापेक्षा मोठं कारण काय हवं. आणि गडावर जायचं तर हीच विद्या लागणार. पेटलेल्या पाण्यात होडी घातली तर वल्ह्यागणिक दिवा लागतो. तटावरचा पहारेकरी झोपाळू असला तरी त्याला दिसेल.

आता रात्र. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. ढोबळ हिशेब आहे, मालवणला मुंबईच्या थोडं आधी भरतं, पण गोष्टीला चालेल. अमावास्येला भरती मध्यरात्रीच्या आसपास आणि सुकती, म्हणजे ओहोटी, पहाटे साडेपाच-सहाला. सिनेमात अमावास्येच्या मध्यरात्री खडक उघडे पडलेले दाखवतात, तसं आमच्याकडे होत नाही. त्या वेळी खडक पाण्याखाली असतात.

तुम्ही वद्य दशमी घ्या. दहाची पाऊणपट साडेसात. संध्याकाळी साडेसातला भरती, तिथून सव्वासहा तास, म्हणजे पावणेदोनला सुकती. चंद्र दीड-दोनच्या सुमाराला वर येतो. म्हणजे तोवर गुडुप अंधार आणि पाणी सतत उतरतंय. चंद्र उगवायच्या आत तुमची माणसं बाहेर पडली पाहिजेत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. दशमीला नुकता भांग (पाणी सगळ्यांत कमी चढतं-उतरतं ते दिवस) सरलेला असतो, उधाणासारखं पाणी ओसरत नाही. मुळात मुंबईला जेवढं चढतं-उतरतं त्याच्या निम्मंच मालवणला. उधाणाच्या सुकतीला मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून शेजारच्या पद्मगडावर पायी जाता येतं. दशमीला ते धरून चालू नका. होडीच लागेल, लहान, उलांडीची (बाजूला तोलाचं लाकूड असलेली). सुकतीला त्या खडपात मोठं गलबत शिरायला धजत नाही, पाठलाग तिथेच संपतो. मात्र खडकांमधली वाट भागीला दिवसा बघून पाठ करावी लागेल, कारण उजेड तिनेच विझवलाय. रात्री तिलाही काही दिसणार नाही.


तटबंदी

वरचा प्रतिसाद वाचून पोहायला शिकावंसं वाटलं.

किल्ल्याचं सांगतो. कुरटे बेटावर 1664 ला काम सुरू झालं, 1667 ला पुरं झालं. तट नागमोडी आहे आणि महाद्वार बुरुजांच्या वळणात असं दडवलंय की होडी अगदी जवळ येईपर्यंत दार कुठे आहे ते कळत नाही. त्यामुळे 'दारातून शिरते' हा प्रकार विसरा. सूर्यास्ताला दार बंद. तटाची उंची तीसेक फूट, दोर टाकून चढण्याचाही मोह नको, प्रत्येक गोष्टीत तेच असतं. तटात एक लहान दिंडी, म्हणजे छोटा दरवाजा, आहे. तिथून बाहेर आलं की एवढीशी पुळण (वाळूचा किनारा) लागते, तिला राणीची वेळा म्हणतात. मी असतो तर होडी तिथे लावली असती.

तातू अंधारकोठडीत भिंतीकडे बघत बसलाय असं दाखवू नका. कैद्याला फुकट खायला घालण्याइतकी श्रीमंती कुठल्याच किल्ल्याला नव्हती. पायात बेडी घालून गडाची कामं करून घेत. सिंधुदुर्गात भर समुद्रात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तातूला पाणी ओढायला लावा. म्हणजे तो दिवसभर उघड्यावर असेल, गडावर कोण कधी कुठे जातो ते त्याला पाठ असेल, आणि सुटकेचा अर्धा बेत तोच आतून रचेल. पकडलेला मित्र नुसता वाट बघत बसला की वाचणारी मुलं कंटाळतात.

अधिकाऱ्यांत हवालदार, सबनीस, कारखानीस ठेवा. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र मिळालं तर गड आणि आरमारावरची प्रकरणं जरूर वाचा. ते करवीर दरबारातलंच, 1715 च्या सुमाराचं, तुमच्या काळाच्या आधीच्या पिढीचं. हवालदाराच्या तोंडी कशी भाषा शोभेल त्याचा अंदाज येईल.


गावरहाट

दोन शब्द घाड्याबद्दल. त्याला खलनायक करण्याचा सोपा रस्ता धरू नका. घाडी गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, हुकूम सोडत नाही. वाळीत टाकायचं की नाही हे बारा-पाचांच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या, मेळात ठरणार, आणि तिथेही एकमत झालं नाही तर रवळनाथाला कौल लावणार. पाषाणाला पाकळ्या लावायच्या, उजवीकडची पडली तर एक अर्थ, डावीकडची पडली तर दुसरा.

आता गंमत बघा. देव फक्त हो किंवा नाही सांगतो. प्रश्न माणूस बनवतो. 'भागीने उजेड विझवला का?' असं विचारलं तर एक उत्तर, 'भागी गावात राहिली तर गावाचं बरं होईल का?' असं विचारलं तर दुसरं. सगळा डाव प्रश्नाच्या शब्दांत असतो. मी लहानपणापासून असले कौल बघत आलोय आणि मानकऱ्यांत खरी वादावादी पाकळ्या लावायच्या आधी होते, पडल्यावर नाही. तुमचा घाडी वाईट नसू दे. त्याला दुसऱ्याच कुणीतरी तयार केलेला प्रश्न विचारावा लागला आणि तो त्याच्या मनाला डाचतोय, असं करा.


झेरॉक्सवाली

रापणकार दादा, घेतली विद्या. तुम्हाला अंकाची प्रत घरपोच. पण 'चार महिने चूल अर्धी' हे मी आणखी घट्ट करणार आहे. भागीने पहिल्यांदा उजेड विझवला तो तातूच्याच बापाचा जीव वाचवायला, आणि त्या हंगामात गाव खरंच उपाशी राहिला. म्हणजे तिला हाकलणारे लोक अन्यायी नाहीत. आणि आता तातूला सोडवायचं म्हणजे पुन्हा तोच उपास गावावर आणायचा. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "हे चीटिंग आहे, असं असलं तर ती जाणारच नाही." मी म्हटलं, जाणार. ती आता माझ्याशी बोलत नाहीय, म्हणजे प्रसंग जमला असावा.

पायपेटी काका, उःशाप सुचला. ज्याने उजेड विझवला त्याने रापणीच्या दोरावर हात ठेवून सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने कबूल केलं, तर त्या रात्रीपासून पाणी पुन्हा पेटतं. पहिल्या वेळी भागी गप्प बसली, कारण तातूचा बाप कुणापासून लपत होता हे बाहेर आलं असतं. या वेळी तातू सुटला की तिला रापणीवर यावं लागणार, आणि तिथे दिवाणाची माणसं उभी. सुटकेनंतरचा अख्खा भाग यातून आपोआप निघतोय.

कौलाचं प्रकरण तसंच्या तसं घेते. प्रश्न तयार करणारा माणूस म्हणून एक मानकरी आहे माझ्याकडे, त्याची तातूच्या बापाकडे उधारी आहे.

एकाच ठिकाणी अजून अडलंय. बेडी. तातू दिंडीपर्यंत आला, पण पायात लोखंड आहे. छिन्नी-हातोडा चालवला तर आवाज होणार. किल्ली चोरणं मला करायचं नाही. बेडीसाठी आणखी एक मंत्र दिला तर भाची मला फाडून खाईल.


रापणकार, देवबाग

बेडी तिथे तोडूच नका. बेडीसकट होडीत घाला आणि किनाऱ्याला जाऊन काय ते करा.

पण मग काय काय बदलतं ते ऐका. बेडी घातलेला माणूस पोहू शकत नाही, होडी उलटली तर सरळ तळाला. खडकावरून चालूही शकत नाही. खडपात कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा सुरीसारख्या. मोकळ्या पायाचा माणूस तोल सांभाळत जातो, बेडीवाला दोन पावलांत पडेल आणि लोखंड खडकावर वाजेल. साखळीला कापड गुंडाळायला सांगा. पुळणीवरून होडीपर्यंत त्याला उचलूनच न्यावा लागणार. दहीबावेचं पाणी ओढून दंड भरलेला जवान गडी, वर लोखंड. एकट्या भागीला तो उचलणार नाही. शिवाय एकाने होडी धरून ठेवायला हवी. पाणी उतरत असतं तेव्हा होडी पुळणीवर बसते, आणि बसली की दोघांच्या ढकलण्याने हलत नाही. तिसरा माणूस पाहिजेच.


झेरॉक्सवाली

तिसरा माणूस म्हणजे घाडी. त्याला तो प्रश्न डाचतोय ना? आणि दांडीवरचा आहे म्हणजे खडकांतली वाट त्याला पाठ असणार. खलनायक गेला माझा, पण वल्हं मारायला माणूस मिळाला. बसते लिहायला.