सहकुटुंब प्रवासात रस्त्यावर भांडण पेटलं तर: गाडीत काय करायचं, पोलिसांत काय?

आडवाट
मे महिन्यात पुणे–कोल्हापूर–निपाणी–आजरा–आंबोली–सावंतवाडी असं जायचंय. सात आसनी गाडी, पाच मोठे (त्यात दोघं सत्तरीपुढचे) आणि दोन मुलं. टायर, घाट, मुक्काम यांचं ठरलंय. प्रश्न वेगळा आहे. कट मारला, आरसा घासला, एवढ्यावरून गाडी आडवी घालून मारहाणीपर्यंत गोष्ट जाते. अशा वेळी थांबायचं की निघायचं? निघालो तर 'हिट अँड रन' होतं का? काच फोडली किंवा हात उचलला तर तक्रार त्याच हद्दीत द्यावी लागते, की पुण्यात परतल्यावर देता येते? आणि डॅशकॅमचा (गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्याचा) कितपत उपयोग? 'डोकं शांत ठेवा' सोडून काहीही नेमकं सांगा.

चौथा_गिअर
आधी काच. काच पूर्ण खाली असली की बाहेरचा हात आत येतो आणि पहिल्यांदा चावी काढतो. चावी गेली की गाडी तिथेच उभी, आणि मग गर्दी जमते. बटण-स्टार्ट गाडीत चावी नाही, पण धरायला शर्टाची कॉलर आहेच. बोलायचंच असेल तर दोन बोटं काच खाली, इंजिन चालू.

दारं आतून लॉक हवीत. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं किंवा गिअर 'पी'वर टाकला की चारही दारं आपोआप उघडतात. तुमच्या गाडीचं काय ते निघण्यापूर्वी घरासमोर तपासा. सेटिंगमध्ये बहुतेक वेळा बदलता येतं. चाइल्ड लॉकवर विसंबू नका, त्याने मागचं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं.

सिग्नलला, नाक्यावर उभं राहताना पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतकं अंतर सोडा. मग रिव्हर्स न घेता एका वळणात बाजूने निघता येतं. अगदी चिकटून उभे राहिलात तर पुढचा उतरून येईपर्यंत तुम्ही अडकलेले असता.

मागे लागला तर वेग वाढवू नका. इंडिकेटर देऊन डाव्या लेनला या, त्याला पुढे जाऊ द्या. तोही हळू झाला तर टोलनाका किंवा मोठा पेट्रोल पंप गाठा: उजेड, कॅमेरे, माणसं. ढाबा मात्र नको, तिथे त्याच्याच ओळखीची चार पोरं निघतात. मुक्कामाच्या हॉटेलवर तर त्याला मुळीच घेऊन जाऊ नका.

गाडीसमोर माणूस उभा राहिला तर गाडी पुढे रेटायची नाही. 'नुसतं घाबरवत होतो' हे नंतर कोणी ऐकत नाही, खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागू शकतं.

शेवटचं, आणि सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. ड्रायव्हर गप्प असतो, पण मागच्या सीटवरून कुणीतरी मामा 'उतर रे, बघतोच त्याला' म्हणत दार उघडतात. म्हणून कामं आधीच वाटून घ्या: पुढच्या सीटवरचा ११२ लावेल, मधल्या रांगेतला एकजण शूटिंग करेल, मुलं मधोमध, खिडकीपासून लांब. पुढची काच लॅमिनेटेड असते, तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या काचा सहसा टफन्ड असतात, फुटल्या की खडीसारखे तुकडे थेट मांडीवर.

कोर्टकचेरी
थांबण्याबद्दल. नुसती वादावादी असेल तर थांबायचं कायदेशीर बंधन नाही. धक्का लागून माणूस जखमी झाला असेल तर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, पण जमावाचा क्षोभ किंवा हाताबाहेरचं दुसरं कारण असेल तर त्यातून सूट आहे. तिथे पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, जवळच्या ठाण्यात कळवायचं. म्हणजे जमाव अंगावर येत असेल तर तिथून हलणं चालतं, पण न कळवता पुढचा प्रवास करणं चालत नाही. हलताक्षणी ११२ आणि १०८ दोन्ही लावा. कॉलची वेळ हाच तुमचा पुरावा.

हद्दीचं उत्तर: कलम १७३ (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) प्रमाणे दखलपात्र (पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, म्हणजे झीरो एफआयआर. पुण्यातही होईल. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्याने नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने. पण झीरोची सोय आहे म्हणून पुण्यापर्यंत वाट बघू नका. आधी समोरचा पोचला तर तुमची तक्रार 'क्रॉस', म्हणजे उलट तक्रार ठरते.

सगळ्यात जास्त फसगत 'एनसी'त (अदखलपात्र नोंदीत) होते. साधी दुखापत (न्याय संहिता ११५(२)) आणि शिवीगाळ (३५२) अदखलपात्र आहे, त्यामुळे ठाण्यात वहीत नोंद करून पावती हातात देतात आणि तपास होत नाही. पण गाडी आडवी घालून वाट अडवली असेल तर ते १२६(२), ते दखलपात्र आहे. एक गुन्हा दखलपात्र असला की सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७४(४)). लोक जबाबात 'मारलं' एवढंच लिहून देतात आणि अडवल्याचं वाक्यच राहून जातं. गाडी कुठे, कशी आडवी लावली, किती मिनिटं अडकवलं, चावी कोणी काढली, पैसे मागितले का, हे क्रमाने लिहा.

जखम असेल तर आधी दवाखाना. डॉक्टरांना 'पडलो' नाही, 'मारहाणीत लागलं' असं सांगा आणि एमएलसी (पोलिसांना कळवायच्या जखमेची) नोंद झाली का विचारा. नाकाचं हाड किंवा दात असेल तर एक्स-रे काढाच. हाड मोडणं, दात निखळणं ही गंभीर दुखापत ठरते, आणि मग कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत. १५ दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न जमणं हेही त्यात येतं (जुन्या कायद्यात २० होते).

आणि स्वतःच्या हाताबद्दल. पतियाळात २७ डिसेंबर १९८८ ला रस्त्यावरच्या वादात हात उचलल्याचं नवज्योतसिंग सिद्धू यांचं प्रकरण आठवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हजार रुपये दंडावर सोडलं, २०२२ मध्ये फेरविचारात एक वर्ष सक्तमजुरी दिली. ३४ वर्षं गेली.

लूप_रेकॉर्ड
डॅशकॅमचा उपयोग होतो, पण बसवून विसरलात तर नाही. फुल एचडीत ६४ जीबी कार्डवर साधारण आठ-नऊ तासांचं शूटिंग मावतं, मग जुनं पुसलं जातं. धक्का बसला की जी-सेन्सर तो तुकडा लॉक करतो, पण नुसत्या दमदाटीत गाडीला धक्काच बसत नाही. तेव्हा लॉकचं बटण स्वतः दाबा आणि थांबलात की कार्ड काढून दुसरं घाला. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्या, साधं उन्हात महिन्यात मरतं. कॅमेराही बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला बघा, मे महिन्यात काचेमागे बॅटरी फुगते.

तारीख-वेळ निघताना जुळवा. घड्याळ २०१९ दाखवत असेल तर समोरचा वकील त्यावरच अर्धा तास काढेल. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून पुरावा म्हणू नका, फाइल दाबली जाऊन बदलते. मूळ कार्ड तसंच पाकिटात ठेवा. साक्ष अधिनियम कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) लिहावी लागते.

आणि आवाजही रेकॉर्ड होतो. तुमचा सुद्धा.

आडवाट
धन्यवाद सगळ्यांना. कोगनोळी ते निपाणी कर्नाटक लागतं. तिथे ११२ चालतो का? आणि काचेचा खर्च विम्यात?

चौथा_गिअर
चालतो, ११२ देशभर एकच आहे. सीमेवर फोन शेजारच्या राज्याच्या कक्षाकडे जाऊ शकतो, म्हणून पहिल्या वाक्यात जागा सांगा: 'राष्ट्रीय महामार्ग ४८, बेळगावकडे जाणारी बाजू, किलोमीटर अमुक.' आकडा कडेच्या दगडावर असतो, राष्ट्रीय महामार्गावर दगडाचं डोकं पिवळं, आजऱ्याच्या बाजूला राज्यमार्ग लागला तर हिरवं. शूटिंग करणाऱ्याने दर पाच-दहा किलोमीटरला तो आकडा मोठ्याने वाचायची सवय लावली तर मुलांनाही उद्योग मिळतो.

काचपत्रा
कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर 'मॅलिशियस अ‍ॅक्ट' (कुणी मुद्दाम केलेलं नुकसान) खाली मिळतं, नुसत्या थर्ड पार्टीत स्वतःच्या काचेचा एक रुपयाही नाही. काचेवर घसारा धरत नाहीत. बंपर, आरशाचं कव्हर, लॅम्प अशा प्लास्टिकवर ५० टक्के कापतात, झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) असेल तर नाही. मोडतोड मुद्दाम केली असेल तर पोलीस नोंदीची प्रत लागते. 'दगड उडून लागला' असं सोयीस्कर खोटं फॉर्मवर लिहू नका, ठाण्यातल्या जबाबाशी जुळलं नाही की क्लेम तिथेच अडकतो. काचांचे तुकडे झाडण्याआधी चारही बाजूंनी फोटो, त्यात नंबरप्लेट यायला हवी. मग विमा कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या आणि तो येईपर्यंत वाटेतल्या गॅरेजमध्ये काच बदलू नका, खिडकीला जाड प्लास्टिक आणि ब्राउन टेप लावून सावंतवाडी गाठता येते.