मदत हवी आहे: आईला कंपवात (पार्किन्सन्स) झालाय की हा ॲसिडिटीच्या गोळीचा परिणाम?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या पेडण्याचे. आईचं वय ६८. चतुर्थीनंतर तिची हालचाल बघता बघता मंदावली. आदोळीवर बसली की नारळ खवूनच उठणारी बाई आता अर्ध्या वाटीवर थांबते. चालताना हात अंगाला चिकटलेले. खुर्चीतून उठायचं तर दोन-तीनदा पुढेमागे व्हावं लागतं. चेहऱ्यावर काही उमटतच नाही, नातवंडं विचारतात, आजी रागावलीय का? दोन्ही हात थरथरतात.

जवळच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषध सुरू करण्याआधी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरॉलॉजी ओपीडीत दाखवलं. तिथे तिला चालायला लावलं, अंगठ्यावर बोट भरभर आपटायला सांगितलं, मनगट फिरवून ताठरपणा पाहिला. मग डॉक्टर म्हणाले, घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा.

त्यात ॲसिडिटीची एक कॅप्सूल निघाली. रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड एकत्र. पोट फुगतं म्हणून पावसाळ्यात लिहून दिली होती, पुढे फार्मसीतून तीच येत राहिली. डोपामिन म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन, आणि यातलं लेव्होसल्पिराइड त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जाऊन काम करतं त्या जागा, अडवतं. कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशीच कमी होत जातात. गोळीच्या बाबतीत डोपामिन असतं, पण त्याला काम करता येत नाही. वरून दोन्ही सारखंच दिसतं. चक्करेवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन आणि उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनेही असं होऊ शकतं, असं कळलं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी पाकिटावरची बारीक अक्षरं जरूर वाचा, आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारूनच गोळी बंद करा.

कॅप्सूल आता बंद आहे. डॉक्टरांच्या मते त्रास दोन्ही बाजूंना सारखा आणि झपाट्याने आला, त्यामुळे गोळीचा संशय जास्त. खरा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो. पण आईला कितीतरी वर्षांपासून बद्धकोष्ठ आहे आणि वासही येत नाही. तव्यावर सुकी सुंगटं भाजली की शेजाऱ्यांना कळतं, तिला नाही. ही लक्षणं कंपवाताच्या बरीच आधी दिसू शकतात म्हणे. म्हणजे आजार आतून चालू असेल आणि गोळीने तो फक्त उघड केला असेल, असंही असू शकतं. माझा जीव तिथेच अडकलाय.

कोणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा, गोळी बंद केल्यावर फरक कधी दिसू लागला? आम्हाला काही आठवडे ते काही महिने असं सांगितलंय. आधी काय सुधारतं, चालणं की थरथर? एमआरआयमध्ये यातला फरक कळत नाही, ट्रोडॅट स्कॅनमध्ये (त्यात मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची स्थिती दिसते) कळू शकतो. गोळीमुळे असेल तर तो सहसा नॉर्मल येतो. तो गोव्यात होतो का, की बेळगाव-मुंबई गाठावी लागेल? आणि लगेच करून घेतलात की थांबून?

मावशी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण घेऊन आलीय. त्यात लेव्होडोपाच, म्हणजे कंपवातावरचं मुख्य औषध, असतं, म्हणून सध्या देत नाही. नाहीतर गुण कशाने आला तेच कळायचं नाही. मावशीला न दुखवता हे कसं समजवावं, तेही कोणी सुचवा.