आजोबांच्या पदवीपत्रावर आग्रा कसे? (इंदूर ख्रिश्चन कॉलेज)

रामबागची नात
नमस्कार. मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी आजोबांवर लेख लिहीत आहे. ते १९४६ मध्ये आपल्या ख्रिश्चन कॉलेजातून बी.ए. झाले; पदवीपत्रावर मात्र आग्रा विद्यापीठाची मोहोर आहे. कॅनडाच्या मिशनने इंदुरात काढलेल्या खासगी संस्थेचा आग्र्याशी काय संबंध? शिवाय मिशन १८७७ मध्ये आले आणि कॉलेज १८८७ मध्ये निघाले, तर मधली दहा वर्षे काय चालले होते?

छावणीकर
आग्र्याचे कोडे सोपे आहे. शिकवणार कॉलेज, पदवी देणार विद्यापीठ. आणि इंदूरला स्वतःचे विद्यापीठ १९६४ मध्ये मिळाले. आरंभी हे कॉलेज कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते, १९२७ मध्ये आग्रा विद्यापीठ निघाल्यावर मध्य भारतातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली आणि १९५७ नंतर उज्जैनचे विक्रम विद्यापीठ आले. त्या काळी होळकर कॉलेजातून पदवीधर झालेल्यांच्या घरीही आग्र्याचेच कागद निघतील. (आजोबांच्या आगेमागेच किशोरकुमार आपल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकत होते, कँटीनच्या उधारीची गोष्ट तुमच्या घरी नक्की ऐकली असेल.)

निवृत्त शिक्षिका
दहा वर्षांचे उत्तर थोडे लांबते. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (हा एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनचे डग्लस इंदुरात आणि कॅम्पबेल महूला १८७७ मध्ये आले. ज्यांच्या नावाशी कॉलेज जोडले जाते ते जॉन विल्की १८७९ मध्ये आले. ब्रिटिश मुलखात १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली झाली होती, पण इंदूर पडले संस्थान: शहरावर होळकरांचा अंमल आणि लगतच्या रेसिडेन्सीत इंग्रजांचा, त्यामुळे शहरात काहीही उभारायचे तर दरबाराची मर्जी सांभाळणे भाग होते. दुसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराशी मिशनचे फारसे जमले नाही. ते १८८६ मध्ये वारले, शिवाजीराव गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कॉलेज निघाले. एकामुळे दुसरे घडले असे मी ठामपणे म्हणणार नाही, तरी लेखात ही दोन साले शेजारी ठेवावीत. शिवाय कॉलेजात बसतील अशी मुले आधी शाळेत तयार व्हावी लागतात, हे शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. दरबाराने स्वतःचे होळकर कॉलेज १८९१ मध्ये काढले. म्हणजे या बाबतीत मिशन चार वर्षे पुढे होते.

छावणीकर
एक दुरुस्ती सुचवतो. कॅनडातील बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२५ मध्ये युनायटेड चर्च ऑफ कॅनडात सामील झाल्या आणि इंदूरचे काम त्या चर्चकडे गेले. आजोबांच्या काळाविषयी लिहिताना ‘प्रेस्बिटेरियन मिशनचे कॉलेज’ असे लिहू नये.

रामबागची नात
काका, बाई, दोघांचीही आभारी आहे. ही चूक मी लेखात करून बसले होते. आजोबांच्या पेटीत फीच्या दोन पावत्या आहेत. त्यांवर चर्चचे नाव छापले आहे का, ते संध्याकाळी पाहून येथे लिहिते.