‘काउन्सिलर’ म्हणजे नगरसेवकच का?

प्रश्न : ब्रिटनचे माजी पंतप्रधान जॉन मेजर यांचा परिचय मराठीत लिहायचा आहे. १९६८ मध्ये ते लॅम्बेथचे ‘काउन्सिलर’, पुढे ‘हाउसिंग कमिटी’चे ‘चेअरमन’, १९७९ मध्ये खासदार. पहिल्या दोन पदांना काय म्हणावे?

– लॅम्बेथ हा लंडनचा बरो, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेला शहराचा भाग, म्हणून इथे ‘नगरसेवक’ खुशाल लिहा. केंट काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) काउन्सिलरला मात्र तो शब्द लावू नका, केंट हे शहर वाटेल. ‘जिल्हा परिषद सदस्य’ म्हणताना जपून : तिकडची डिस्ट्रिक्ट कौन्सिल काउंटीच्या खालच्या पायरीवर असते, म्हणजे आपल्या पंचायत समितीच्या जागी. सरळ ‘काउंटी कौन्सिलचे सदस्य’ लिहावे.

– चेअरमनसाठी ‘गृहनिर्माण समितीचे सभापती’. आपल्याकडे महापालिकेचा कारभार आयुक्त चालवतो. तिथे आयुक्त नाही, त्या काळी निर्णय समित्याच घेत. तिथल्या २००० च्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी समित्यांऐवजी ‘लीडर’ आणि त्याचे मंत्रिमंडळ आले. या लीडरला ‘सभागृह नेता’ म्हणू नये. आपल्या सभागृह नेत्याच्या हाती प्रशासन नसते. ‘कौन्सिलचे नेते’ बरे. महापौराचेही तसेच. पुढे पंतप्रधान झालेले ॲटली १९१९ मध्ये लंडनमधल्या स्टेपनीचे महापौर झाले, ते पद मुख्यतः मानाचे, पण हल्ली काही ठिकाणी थेट निवडून येणाऱ्या महापौराकडे खरी सत्ता असते. तिथे ‘थेट निवडून आलेले’ हे शब्द गाळू नका.

प्रश्न : आणि ‘सेफ सीट’? १९७४ च्या दोन्ही निवडणुकांत मेजर सेंट पँक्रस नॉर्थमधून हरले, मग हंटिंग्डनशर मिळाले.

– ‘सुरक्षित मतदारसंघ’ नको, काहींना ‘राखीव’ वाटेल. ‘पक्षाचा हक्काचा मतदारसंघ’ लिहा. खासदाराची ‘सर्जरी’ म्हणजे मतदारांच्या गाऱ्हाण्यांसाठी ठेवलेली भेटीची वेळ. तिची शस्त्रक्रिया करू नका.

– सर्वांत जास्त घोळ ‘व्हिप’चा. मेजर १९८३ मध्ये व्हिप झाले, तिथे ‘प्रतोद’. मतदानाबाबतचा हुकूम असेल तर ‘पक्षादेश’. ‘व्हिप काढून घेतला’ म्हणजे संसदीय पक्षातून बाहेर काढले. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, म्हणून वाचक खासदारकी गेली असे समजतो. ब्रिटनमध्ये तसा कायदा नाही. मेजर पंतप्रधान असताना, नोव्हेंबर १९९४ मध्ये, युरोपच्या प्रश्नावर ८ खासदारांचा व्हिप काढला गेला. एप्रिल १९९५ मध्ये ते पक्षात परतले. मधल्या काळात आठही जण खासदारच होते, फक्त पक्षाविना.