दोन औषधांनी फीट थांबत नाही, मग तिसऱ्या गोळीची वाट का बघायची?

डिचोलीकर:
माझ्या भाच्याला फीट येते, पण अंग आखडत नाही. पोटातून काहीतरी वर चढतं म्हणतो, मग एकटक बघत राहतो, ओठ चाटतो, शर्टाचं बटण चिवडत बसतो. घरच्यांनी आधी देवाचा कौल घेतला, मग डॉक्टर. वर्षं गेली गोळ्या बदलण्यात. आता कुठे मेंदूच्या टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानाजवळच्या भागात, लहानशी गाठ सापडली, बहुधा गँग्लिओग्लिओमा, म्हणजे फीट आणणारी, हळू वाढणारी गाठ. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही फीट थांबली नाही, तर ती औषधाला दाद न देणारी, हे आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी (फीटचा आजार) लीगने २०१० मध्येच ठरवलंय. तेव्हाच शस्त्रक्रियेसाठी तपासायला हवं होतं!

फोंडेकर:
घाई नको. या गाठी बहुतेक ग्रेड १ च्या, म्हणजे सौम्य, वर्षानुवर्षं तशाच राहतात. गाठ डाव्या बाजूला असेल तर ऑपरेशननंतर नावं, शब्द आठवायला त्रास होऊ शकतो. शिकणाऱ्या पोराचं काय? तिसऱ्या गोळीने काहींची फीट थांबतेही.

डिचोलीकर:
फोंडेकरबाब, थांबते, पण फार थोड्यांची. अशी गाठ पूर्ण निघाली तर चारांतले जवळपास तिघे फीटमुक्त होतात. आणि गाठ वाढत नाही म्हणून फीट बिनधोक होत नाही. पोराला आम्ही तळीवर एकटा सोडत नाही, स्कूटरला हात लावू देत नाही. झोपेत फीट येऊन दगावणारेही असतात.

वाळपईची नर्स:
तुम्ही दोघे ऑपरेशनवरून भांडताय, पण तपासणीला पाठवणं म्हणजे कापणं नव्हे. साध्या एमआरआयमध्ये जाड काप घेतात, बारकी गाठ निसटते. चिठ्ठीवर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’, म्हणजे बारीक कापांचा एमआरआय, लिहून मागा. नंतर व्हिडिओ ईईजी, म्हणजे फीटचं चित्रण करत मेंदूच्या विद्युत लहरी नोंदणं, आणि स्मृतीच्या चाचण्या. डाव्या बाजूचा धोका किती, ते त्यातूनच कळतं. अगोदरच घाबरून काय उपयोग?

फोंडेकर:
बाय, व्हिडिओ ईईजीसाठी गोळ्या कमी करून मुद्दाम फीट येऊ देतात, तीही वॉर्डात ठेवून. त्यासाठी राज्याबाहेर जावं लागलं तर रोजंदारीवरच्या आईबापांनी काय करायचं? जेवणखाण, खोलीभाडं कोण देणार?

डिचोलीकर:
हा मुद्दा खरा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून या शस्त्रक्रिया होताहेत, पण तिथे राहण्याचा खर्च घरच्यांच्याच माथी. म्हणून तर म्हणतो, ही तपासणी गोव्यातच, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पूर्ण व्हायला हवी. त्यासाठी आमदाराकडे निवेदन न्यायचं झालं तर येणार का?

फोंडेकर:
निवेदनावर सही करतो. ऑपरेशनबद्दल माझं मत तेच.