बाल्टिमोरचं एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ): तुमचे अनुभव

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पब्लिक हेल्थ शिकलेले, शिकणारे आणि त्यांच्यासोबत तिथे राहिलेले, सगळ्यांनी लिहा. १९१६ साली स्थापना वगैरे माहितीपत्रकात आहेच. तिथे नसतं ते सांगा.

दातकोरणं: ११ महिन्यांत ८० क्रेडिट्स. टर्म आठ आठवड्यांची, त्यामुळे वर्ग सापडेपर्यंत मिडटर्म दारात उभी. बायोस्टॅट (आरोग्याचं संख्याशास्त्र) आणि एपिडेमिऑलॉजी (रोग कुणात, किती, कशाने पसरतात याचं शास्त्र) एकदमच अंगावर येतात. मी बीडीएस, गणिताशी बारावीतच काडीमोड. स्टाटा या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरात कमांड दिली की आकडे भराभर पडतात, पण ते काय सांगताहेत हे टीएच्या (शिकवायला मदत करणाऱ्या सीनियरच्या) लॅबमध्ये बसल्यावर कळायला लागलं. निघण्यापूर्वी लॉगरिदम घोटून घ्या. हसू नका.

वैनगंगाकाठ: पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर होतो. इथे कुठलाही आकडा मांडला की पहिला प्रश्न, 'छेदात कोण?' ओपीडीच्या रजिस्टरात दवाखान्यापर्यंत पोचलेली बाळंच असतात. घरीच गेलेली कुठल्या रजिस्टरात शोधणार? मग एका वर्गात स्क्रीनवर चक्क गडचिरोली. ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी, तुलनेला ४७ गावं; तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, १९९९. हे काम करणारे अभय आणि राणी बंग इथेच एमपीएच झालेले, त्यांच्या आधी जामखेडला गावोगावच्या आरोग्याचं काम उभं करणारं आरोळे दाम्पत्यही. वर्ग सुटल्यावर शेजारच्या नायजेरियन डॉक्टरला पेपर नॅपकिनवर महाराष्ट्र काढून दाखवला. कोकण जरा जास्तच जाड झालं.

रोहाऊसवाली: शिकत नवरा होता, मी आणि दोन वर्षांची लेक सोबत. जुनं घर भाड्याने घेताना करारासोबत शिसं (मुलांना घातक धातू) मिसळलेल्या रंगाबद्दलचं पत्रक सहीला आलं. १९७८ पूर्वीच्या घरांना ते द्यावंच लागतं. मी सही करून मोकळी होणार होते, नवऱ्याने खिडकी वर-खाली करून दाखवली. चौकट घासली जाते तिथे रंगाची बारीक भुकटी पडते, आणि रांगणारं मूल हात तोंडात घालतं. बाल्टिमोरने घराच्या आतल्या रंगात शिसं वापरायला १९५१ सालीच बंदी केली, तरी भिंतींवरचे जुने थर राहिलेच. ते घर आम्ही सोडलं. लेकरं असतील तर भाडं विचारण्याआधी खिडक्या बघा.

वाचनमात्र: कोविडात हॉपकिन्सचा तो जगभरच्या रुग्णसंख्येचा लाल ठिपक्यांचा नकाशा बघून अख्खं खानदान माझं अभिनंदन करत होतं. तो केला तिथल्या इंजिनिअरिंगवाल्यांनी! मी थँक्यू म्हणून घेतलं.

दातकोरणं: एक राहिलंच. या डिग्रीवर अमेरिकेत पेशंट तपासता येत नाहीत, हे घरी आधीच सांगून ठेवा. 'एवढं शिकून डॉक्टरकी सोडलीस?' हे आत्या विचारतेच. @वैनगंगाकाठ, प्रॅक्टिकम (अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम) तिथल्याच वस्तीत केलंत की भारतात? भाचीला ठरवायचंय.