‘गुरुत्वाकर्षण हे बल नाहीच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

भोवरा: ‘गुरुत्वाकर्षण ही अवकाशकालाची (जागा आणि काळ मिळून होणाऱ्या चौकटीची) वक्रता आहे, बल नव्हे; ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाकर्षण वाहून नेणारा कण, ही भाकडकथा’ अशी पोस्ट काल आली आणि वाहवा मिळवून गेली. राहवलं नाही म्हणून लिहितोय. वक्रता खोटी आहे असं मी म्हणतच नाही. पण १९६० च्या दशकात फाइनमन आणि वाइनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. अवकाशकाल सपाट धरा आणि त्यात वस्तुमान नसलेला, स्पिन (कणाचा फिरकीसारखा अंगभूत गुण) २ असलेला कण, म्हणजेच ग्रॅव्हिटॉन, आणा. तो ऊर्जा असलेल्या प्रत्येक गोष्टीशी जोडला जातो, आणि ऊर्जा त्याच्याकडेही असल्यामुळे स्वतःशीसुद्धा. हा हिशोब शेवटपर्यंत नेला की वक्रतेची आइन्स्टाइनचीच समीकरणं हाती येतात. १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेसरनी ते फार सुटसुटीतपणे दाखवलं. मग भाकडकथा कशी?

तिरपा कोन: ती पोस्ट माझीच. तुमचा तो सपाट अवकाशकाल कुणी मोजलाय? घड्याळं, मोजपट्ट्या, प्रकाश, सगळ्यांवर तुमच्या त्या कणाचं क्षेत्र सारखाच परिणाम करतं. म्हणजे तो सपाट अवकाशकाल कुठल्याच प्रयोगात सापडायचा नाही. विद्युतबलाला भार नसलेला कण दाद देत नाही; गुरुत्वाकर्षणातून कुणाचीच सुटका नाही. म्हणून ती भूमिती.

खडूफळा: तुमचं चालू द्या, पण या ‘वक्रते’च्या नावाखाली वर्गावर्गांत ताणली जाणारी ती रबरी चादर (मध्ये जड गोळा ठेवायचा आणि पडलेला खळगा म्हणजे वक्रता म्हणायचं) आधी बंद करा! मी शिकवते. एका मुलीने विचारलं, ‘बाई, पण गोळा चादरीत खाली कशाने गेला?’ गुरुत्वाकर्षणानेच! मी चादर वगळली, तर वरिष्ठांनी मलाच सुनावलं.

उंबरठा: बाई, त्याच चादरीमुळे मी भौतिकशास्त्राकडे वळलो. सगळं समीकरणांतूनच शिकवायचं तर वर्गात उरेल कोण?

खडूफळा: समीकरणं कोण मागतंय? एकाच जागेवरून, एकाच दिशेने हळू फेकलेला दगड आणि बंदुकीची गोळी वेगवेगळ्या वाटेने जातात. नुसती जागाच वाकली असती तर दोघांची वाट एकच हवी. वाकतो तो मुख्यतः काळ! पाउंड आणि रेब्का या शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये हार्वर्डच्या मनोऱ्यात जेमतेम २२.५ मीटर उंचीत, वर आणि खाली काळाच्या गतीत पडणारा फरक मोजला. चादरीत काळ कुठाय?

उंबरठा: आणि सूर्याजवळून जाणारा प्रकाश? १९१९ च्या ग्रहणात तपासलं गेलेलं भाकीत, प्रकाश १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वळेल, असं होतं. एकट्या काळातून त्याच्या निम्मंच निघतं. उरलेलं निम्मं तुमच्या नावडत्या वाकलेल्या जागेचं.

खडूफळा: प्रकाशापुरतं मान्य. दगडापुरतं नाही. आणि चादर तरीही नको.

तिरपा कोन: मूळ मुद्द्यावर या. ग्रॅव्हिटॉन दाखवा. लायगो या अमेरिकेतल्या वेधयंत्राने २०१५ मध्ये गुरुत्वीय लाट पकडली, कण नव्हे.

भोवरा: नाही दाखवता येत. आंतरक्रिया इतकी क्षीण आहे की एकेकटा ग्रॅव्हिटॉन त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे. अतिउच्च ऊर्जेला आमचं गणितही फसतं. दुसऱ्या लूपपासूनच (लूप म्हणजे हिशोबातल्या अधिकाधिक बारीक दुरुस्त्यांची एकेक पायरी) काढून टाकता न येणारी अनंतं येतात, हे १९८० च्या दशकात सिद्ध झालंय. पण कमी ऊर्जेला तेच गणित चोख चालतं. आणि पदार्थ पुंज नियमांनी (अणू आणि कणांच्या जगाच्या नियमांनी) चालत असेल, तर तो ज्याला वाकवतो ते मात्र पुंज नियमांबाहेर कसं राहील, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

तिरपा कोन: नाही सांगितलं, कारण उत्तर माझ्याकडे नाही. ‘भाकडकथा’ हा शब्द मागे घेतो. ‘बल नाही’ मात्र घेणार नाही.